ऐन पंचविशीत एसजीपीटी वाढलंय? सिरप आणायच्या आधी कारण शोधा, पायरी पायरीने

रविवारी रात्री साडेदहाला भाच्याचा व्हॉट्सॲप आला. रिपोर्टचा फोटो आणि खाली एवढंच, "मावशी, माझं लिव्हर गेलं का?" वय २६, नव्या नोकरीच्या आधीचं मेडिकल. लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीओटी १७२, एसजीपीटी ९४, दोन्ही आकडे ठळक आणि शेजारी वर जाणारे बाण. तोवर ताईने, म्हणजे त्याच्या आईने, मेडिकलमधून लिव्हरचं सिरप आणलंसुद्धा होतं, गॅसवर गुळवेल उकळत होती, आणि भावजींनी "खरं सांग, पितोस ना तू?" म्हणून उलटतपासणी सुरू केली होती. मुलगा बिचारा एका वेळी आजारी पण आणि आरोपी पण.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली. डॉक्टर नाही हे आधीच सांगते, औषध सांगणार नाही. पण असे बाणवाले रिपोर्ट रोज हातातून जातात, आणि काउंटरवर येऊन घाबरलेल्या आवाजात विचारणारी २२ ते ३५ ची पोरंपोरी पण रोज बघते. त्यातली निम्मी घरी जाऊन गूगल करून रात्रभर जागतात, उरलेली "काही होत नाहीये ना, मग सोडा" म्हणून रिपोर्ट कपाटात टाकतात. दोन्ही चूकच. म्हणून भाच्याबरोबर जे जे केलं त्याच क्रमाने लिहिते, मध्ये मध्ये विषय भरकटेल, सांभाळून घ्या.

आधी हे बघा: थांबायचं की आत्ता निघायचं

पुढचं सगळं निवांत वाचायचं आहे ते तब्येत धड असलेल्यांनी. डोळे पिवळे झालेत, लघवी गडद चहासारखी होतेय, उलट्या थांबत नाहीत, पोटात उजवीकडे वर जोरात दुखतंय, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त येतंय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय, किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, दिवसा झोपतोय आणि रात्री जागतोय, तर लेख बंद करा आणि हॉस्पिटल गाठा. रिपोर्टमध्ये एसजीपीटी-एसजीओटीचा आकडा हजाराच्या वर असेल किंवा पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची टेस्ट, १.५ किंवा जास्त असेल तरी त्याच दिवशी. गरोदर बाईचे हे एन्झाइम्स वाढले तर वाट बघायची नाहीच, शेवटच्या महिन्यांत तर अजिबातच नाही.

पायरी १: आकडा नीट वाचा

एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइम्स पेशींच्या आत काम करतात. पेशीला इजा झाली की ती रक्तात सांडतात, आणि आम्ही मोजतो ते हे सांडलेलं. म्हणजे आकडा सांगतो की कुठेतरी पेशी दुखावल्यात. लिव्हर काम किती करतंय हे तो सांगत नाही, ते कळतं आल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि पीटी-आयएनआर वरून. एसजीपीटी ९४ आणि बाकी तिन्ही नॉर्मल याचा अर्थ "लिव्हर गेलं" असा अजिबात होत नाही. आणि उलटं पण लक्षात ठेवा, सिरोसिस झालेल्या, म्हणजे लिव्हर कायमचं कडक झालेल्या माणसाचे एन्झाइम्स कधी कधी अगदी नॉर्मल येतात.

एसजीपीटीचं नवीन नाव एएलटी, एसजीओटीचं एएसटी, काही लॅब दोन्ही छापतात, घोळ नको. एसजीपीटी बहुतेक करून लिव्हरमध्येच असतं. एसजीओटी मात्र स्नायूत, हृदयात, लाल पेशीत सगळीकडे, त्यामुळे ते वाढलं की लगेच लिव्हरवर आळ घालायचा नाही. सुई लागायला त्रास झाला, रक्त सिरिंजमधून जोराने ट्यूबमध्ये सोडलं, की लाल पेशी फुटतात आणि एसजीओटी खोटं वर जातं. रिपोर्टखाली "हिमोलाइज्ड सॅम्पल" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते कुणी वाचत नाही, वाचा.

नॉर्मल रेंज प्रत्येक लॅबची वेगळी, कुणाची ४० पर्यंत, कुणाची ४५, कुणाची ५५ पण असते. त्यामुळे एका लॅबचं ४८ वाढलेलं आणि दुसरीकडचं ५२ नॉर्मल असं होऊ शकतं, म्हणून पुन्हा करताना तीच लॅब धरा. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरोलॉजीच्या २०१७ च्या सूचनांमध्ये निरोगी एसजीपीटीची वरची हद्द पुरुषांत २९ ते ३३ आणि बायकांत १९ ते २५ एवढीच धरलीय. म्हणजे बाण नाही आला म्हणून खूश व्हायचं कारण नाही आणि ४६ आलं म्हणून रडायचं पण नाही.

डॉक्टर लोक "किती पट" असं बोलतात. वरच्या हद्दीच्या २ पटीपर्यंत किरकोळ, २ ते ५ पट सौम्य, ५ ते १५ पट मध्यम, त्याच्या वर गंभीर. भाच्याचं एसजीपीटी दोन पटीच्या थोडं वर, एसजीओटी चार पटीच्या वर, म्हणजे सौम्य. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली "सौम्य कसलं गं, चार पट म्हणतेस आणि सौम्य म्हणतेस". पट मोजायची सवय आपल्याला बाजारभावाची, इथे हिशेब वेगळा आहे.

अजून एक, वाढलंय काय ते बघा. एसजीपीटी-एसजीओटी वाढले तर पेशींना इजा, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी वाढले तर पित्ताच्या वाटेत अडथळा किंवा सूज. हिशेब असा की एसजीपीटी त्याच्या हद्दीच्या किती पट आणि अल्कलाइन फॉस्फटेज त्याच्या हद्दीच्या किती पट, पहिल्याला दुसऱ्याने भागा. ५ किंवा जास्त आलं तर पेशींचा आजार, २ किंवा कमी तर पित्ताच्या वाटेचा, मधलं आलं तर मिश्र. समजा एसजीपीटी ४०० आहे आणि हद्द ४०, म्हणजे १० पट, अल्कलाइन फॉस्फटेज हद्दीवरच, म्हणजे १ पट, उत्तर १०. सतरा अठरा वर्षांच्या मुलांमध्ये एकटं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असलं तर बहुतेक ते वाढत्या हाडांचं असतं, जीजीटी नॉर्मल आलं की शंका मिटते.

आणि फक्त बिलिरुबिन १.८ किंवा २.५, त्यातलं इनडायरेक्ट जास्त, एन्झाइम्स सगळे ठीक आणि हिमोग्लोबिनही ठीक, तर बहुतेक वेळा ते गिल्बर्ट सिंड्रोम. जन्मजात असतं, निरुपद्रवी असतं, उपास केला, झोप नाही झाली की वाढतं. नवरात्रात नऊ दिवस कडक उपास करून नंतर चेकअपला आलेली पिवळसर डोळ्यांची मंडळी आम्ही दरवर्षी बघतो. तो या लेखाचा विषय नाही.

पायरी २: मागचे तीन आठवडे कागदावर लिहा

ही पायरी सगळ्यात स्वस्त आणि लोक नेमकी हीच गाळतात. भाच्याला म्हटलं वही घे आणि सॅम्पल दिलं त्या दिवसापासून मागे जा. ताप आला होता का, कुठल्या गोळ्या, किती, काढा-चूर्ण-पावडर काय काय, दारू कधी आणि किती, जिम किंवा ट्रेक, बाहेरचं पाणी, टॅटू, दात काढले, वजन मागच्या वर्षीपेक्षा किती वाढलं, घरात कुणाला लिव्हरचा आजार. तो म्हणाला "काहीच नाही गं मावशी, नॉर्मलच होतं सगळं". दहा मिनिटांनी परत मेसेज, "जिम चालू केली ते पण लिहू का?"

पायरी ३: स्नायू वगळा, म्हणजे सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ताची टेस्ट) करा

तर झालं असं की आठ महिने जिम बंद, मग नव्या वर्षाचा जोश, मित्राबरोबर गेला आणि पहिल्याच आठवड्यात लेग डे. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होता म्हणे. चौथ्या दिवशी रक्त दिलं. सवय नसताना जड वजनं उचलली की स्नायूंच्या पेशी फाटतात, त्यातून एसजीओटी भरपूर आणि एसजीपीटी थोडं रक्तात येतं, आणि हे आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकतं. सोमवारी सीपीके केलं तर ३,९००, जिथे साधारण दोनशेच्या आसपास असायला हवं. किडनीसाठी क्रिएटिनिन पण करून घेतलं, ते ठीक होतं. स्नायू फार फुटले की किडनीवर येतं, लघवी कोकसारखी काळपट झाली तर मात्र सरळ इमर्जन्सी, तिथे लेख वाचायचा नाही.

राजगड-तोरणा करून आलेले, पहिली मॅरेथॉन पळालेले, पोलीस भरतीची तयारी करणारे, यांचे रिपोर्ट असे येतात. उपाय साधा, आठ-दहा दिवस व्यायाम बंद, पाणी भरपूर, मग पुन्हा टेस्ट. एसजीओटी रक्तातून लवकर उतरतं, एसजीपीटीला जास्त दिवस लागतात, त्यामुळे दहा दिवसांनी एकटंच एसजीपीटी थोडं वर राहिलं तर घाबरू नका, अजून एक-दोन आठवडे द्या. विश्रांती घेऊनही सीपीके महिनोन्‌महिने वरच राहत असेल तर स्नायूंचाच आजार असू शकतो. लहान वयातल्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे काही मुलगे आधी लिव्हरचे पेशंट म्हणून फिरत राहतात, एवढी एक टेस्ट कुणी लिहीत नाही म्हणून.

इथे भाच्याचा विषय संपला असं ताईला वाटलं. संपला नव्हता. तीन आठवड्यांनी सीपीके १८०, एसजीओटी ३४, आणि एसजीपीटी ६१. एक कारण गेलं आणि त्याच्या मागे लपलेलं दुसरं दिसलं. एकाच रिपोर्टमध्ये दोन कारणं असू शकतात हे डोक्यात ठेवा.

पायरी ४: घरातलं सगळं औषध टेबलवर मांडा

यात गोळ्या येतात, आणि "ते काय औषध नाही, नॅचरल आहे" म्हणतात ते सगळं पण येतं.

पॅरासिटामॉल आधी. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, दारू पिणारे, उपाशी किंवा फार किरकोळ वजनाचे असतील तर त्याहून बरीच कमी. गंमत अशी होते की तापाची ६५० ची गोळी दिवसात चार वेळा झाली २,६०० मिलिग्रॅम, आणि सर्दीची म्हणून जी वेगळी गोळी घेतली तिच्यातही ५०० पॅरासिटामॉल, चार वेळा झाली २,०००, एकूण ४,६००. नावं वेगळी, रंग वेगळा, आत तेच. पाकिटाच्या मागे वाचा.

टीबीच्या औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात. मळमळ-कावीळ असताना एसजीपीटी ३ पट, किंवा काही त्रास नसताना ५ पट गेलं की डॉक्टर औषध थांबवायचा निर्णय घेतात. तो निर्णय त्यांचा. स्वतःहून थोडं वाढलं म्हणून टीबीची गोळी बंद केली तर वेगळंच संकट ओढवून घ्याल. फिट्सचं व्हॅलप्रोएट, सोरायसिस-संधिवाताचं मेथोट्रेक्सेट, मुरुमांचं आयसोट्रेटिनॉइन, बुरशीच्या गोळ्या, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, हे पण यादीत. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचा त्रास कोर्स संपून दोन-तीन आठवड्यांनीही उगवतो, म्हणून वहीत मागचे तीन महिने पण आठवून लिहा, तीन आठवडे मी सुरुवात म्हणून म्हटलं होतं.

आता ताईच्या गॅसवरची गुळवेल. कोरोनाच्या काळात इम्युनिटीसाठी घरोघरी काढे झाले, आणि २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत गुळवेल घेतलेले सहा पेशंट लिव्हरला सूज येऊन डॉक्टरांकडे पोचले, ते २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद बराच झाला, पण पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांनी मिळून ४३ पेशंटांची नोंद केली. ज्यांच्या अंगात ऑटोइम्यून प्रवृत्ती, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटण्याची, आधीच दडलेली असते त्यांच्यात हे जास्त दिसलं. मी काही आयुर्वेदाच्या विरोधात नाही, माझी आजी वैदूकडचंच घ्यायची. पण एन्झाइम्स वाढलेले असताना, कारण माहीत नसताना, वरून अजून एक पाला उकळून घालणं याला मी इलाज म्हणणार नाही. ताईला गॅस बंद करायला लावला. रागावली दोन दिवस.

तसंच अश्वगंधाच्या कॅप्सूल, वजन उतरवायचा ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, काळी मिरी घातलेल्या हळदीच्या स्ट्राँग गोळ्या. या तिन्हींनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद नव्हे हं, कपभर ग्रीन टी पण नव्हे, अर्क काढून गोळीत कोंबलेलं. गार्सिनिया नावाच्या वजन कमी करायच्या गोळ्या पण त्यातल्याच, आणि आमच्या एका कोकणी पेशंटने विचारलं होतं की ते कोकमच ना, मग सोलकढी बंद करू का. नाही. कोकमाची जात वेगळी, गोळ्यांतलं गार्सिनिया हे मलबारकडचं दुसरं झाड. सोलकढी प्या.

जिमवाल्यांनी प्रोटीन पावडरचा डबा पण आणा. साधं व्हे सहसा गुन्हेगार नसतं, त्यात मिसळलेले वनस्पतींचे अर्क आणि "ट्रेनरने दिलंय" म्हणून घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं-गोळ्या असतात. ही गोष्ट आईबाबांसमोर कुणी सांगत नाही. डॉक्टरांना एकट्यात सांगा, पण सांगा.

पायरी ५: हिपॅटायटिसच्या टेस्ट, लाज न बाळगता

एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी साठी) आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी साठी) या दोन टेस्ट प्रत्येकाने करायच्या, किरकोळ वाढ असली तरी. पहिलीला जुने लोक अजून ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात. हिपॅटायटिस बी बऱ्याच जणांना जन्माच्या वेळी आईकडून येतो आणि वीस-पंचवीस वर्षं काहीही जाणवत नाही. आखातात नोकरीला निघालेल्या पोरांना मेडिकलमध्ये पहिल्यांदा कळतं आणि तिकीट, नोकरी सगळं एकदम हातातून जातं, तो चेहरा काउंटरच्या पलीकडून बघवत नाही. सरकारी लसीकरणात ही लस देशभर २०११ पर्यंत पोचली, त्याआधी काही शहरांत आणि जिल्ह्यांतच होती, म्हणजे आज पंचविशीत असलेल्या अनेकांना ती मिळालेलीच नाही. निगेटिव्ह आलात तर लस घ्या, ०, १ आणि ६ महिन्यांनी असे तीन डोस.

पॉझिटिव्ह आलात तर एक ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने पसरत नाही, घरच्यांनी भांडी वेगळी करायची गरज नाही. रेझर, टूथब्रश, रक्त आणि असुरक्षित संबंध, यातून पसरतो. सी असेल तर बातमी उलट चांगलीच म्हणायला हवी, साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी १०० पैकी ९५ च्या वर लोक पूर्ण बरे होतात. मात्र अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी संसर्ग झाला होता एवढंच, आत्ता व्हायरस आहे का ते आरएनए टेस्टने कळतं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात विचारा.

ए आणि ई पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून. यात आकडे हजार-दोन हजार जातात, मळमळ, भूक मेलेली, मग डोळे पिवळे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई ची मोठी साथ आली होती, आठवत असेल. गरोदरपणात ई जीवघेणा ठरू शकतो. एरवी हे दोन्ही बहुतेकांचे आपोआप बरे होतात, विश्रांती, पाणी आणि साधं जेवण, बस. आणि इथेच कावीळ उतरवणाऱ्यांचं फावतं. गळ्यात माळ घालायची, चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, नाकात थेंब टाकायचे, तीन आठवड्यांत कावीळ उतरते, जी तशीही उतरणारच होती, आणि श्रेय जातं बाबाला. पण ज्याची कावीळ पित्तनळीतल्या खड्याने किंवा विल्सन नावाच्या आजाराने (तो पायरी ८ मध्ये) आलेली असते त्याचे तेच तीन आठवडे वाया जातात.

पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, मलेरिया, टायफॉइड सगळ्यातच एन्झाइम्स वाढतात. डेंग्यूत तर एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त असतं. तापातून उठून आठवडा झाला असेल तर आधी ते डॉक्टरांना सांगा, बहुतेक वेळा काही आठवड्यांत आकडे खाली येतात.

पायरी ६: दारूचा खरा हिशेब

भावजींची शंका अगदीच हवेतली नव्हती. दारूत एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त असतं आणि सहसा चारशेच्या वर जात नाही. भाच्याचं गुणोत्तर होतं १.८, म्हणजे उंबरठ्यावर. पण स्नायूंमुळेही असंच दिसतं, म्हणून एका गुणोत्तरावर पोराला दारुडा ठरवू नका. जीजीटी वाढलेलं, सीबीसीमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, वाढलेला, मग संशय पक्का होतो.

"मी फक्त वीकेंडला" म्हणणाऱ्यांना विचारते, किती? कधी कधी उत्तर येतं एका बैठकीत अर्धी बाटली. लिव्हरला वार कळत नाही. गटारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेकअपला येऊ नका एवढं तरी करा. श्रावण पाळणाऱ्यांचा मात्र आपोआप प्रयोग होतो, महिनाभर पूर्ण बंद ठेवून पुन्हा टेस्ट करा, दारूच कारण असेल तर आकडे उतरलेले दिसतात. बिअर ही दारूच असते, हे लिहावं लागतंय.

रोज आणि बरीच पिणाऱ्याने मात्र एका झटक्यात बंद करू नये, हातपाय थरथरणं, फिट येणं असं होऊ शकतं. त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पायरी ७: फॅटी लिव्हर, म्हणजे बहुतेकांचं खरं उत्तर

वरचं सगळं वगळून झालं की आपल्याकडच्या तरुणांत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. भाच्याची सोनोग्राफी केली, ग्रेड १ फॅटी लिव्हर. "पण मी जाड नाहीये" म्हणाला. उंची १७१ सेंटीमीटर, वजन ७९ किलो, बीएमआय २७. आपल्या भारतीयांसाठी २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा सुरू होतो, पाश्चात्त्यांचे २५ आणि ३० आपल्याला लावायचे नाहीत. कंबर ९६, पुरुषांची हद्द ९०, बायकांची ८०. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची, पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली घातलेली असते. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशांनाही होतं, वजन अगदी नॉर्मल असलेल्यांनाही होतं.

२०२३ पासून डॉक्टरांनी याचं नाव बदलून एमएएसएलडी केलंय, म्हणजे चयापचयाच्या बिघाडातून आलेलं. त्यामुळे सोबत उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल आणि बीपी बघायचंच. मुलींमध्ये पीसीओडी असेल तर लिव्हरकडे पण लक्ष ठेवा. टीएसएच पण करा, थायरॉइड कमी असलं तरी आकडे हलतात.

सोनोग्राफीचा ग्रेड चरबी सांगतो, लिव्हर किती कडक झालंय ते सांगत नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅन. इंटरनेटवर फिब-४ नावाचा कॅल्क्युलेटर मिळतो, वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स टाकून, पण ३५ च्या खालच्या वयात तो भरवशाचा नाही, उगाच "लो रिस्क" बघून निर्धास्त होऊ नका.

औषध? वजन. ५ टक्के उतरलं की चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांत सूज कमी होते. ७९ किलोचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो, तेही सहा महिन्यांत सावकाश, क्रॅश डाएटने उलट बिघडतं. ताईने लगेच तेल-तूप बंद केलं, पण पोरगा दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, ऑफिसात कोल्ड्रिंक, रात्री अकराला जेवण. तेलावर चिडण्यापेक्षा आधी ती साखर काढा. दहा चमचे म्हणजे सरळ पन्नास ग्रॅमच्या आसपास. फळांचा ज्यूस बंद, फळ चालू. उपासाला साबुदाणा खिचडी दोन ताटल्या नको. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं. बिनसाखरेची कॉफी चालते, कॉफी पिणाऱ्यांत एन्झाइम्स कमी असल्याचं दिसलंय.

आणि सिरप. लिव्हरच्या टॉनिकने चरबी वितळत नाही. आकडा खाली आला तर बहुतेक वेळा तो दहा दिवसांत तसाही येणार होता.

पायरी ८: क्वचित दिसणारे, पण चुकवायचे नाहीत असे

सहा महिने झाले, वजन-दारू-गोळ्या कशानेच उत्तर मिळालं नाही, तर हे.

विल्सन. शरीर तांबं बाहेर टाकू शकत नाही, ते लिव्हरमध्ये आणि मेंदूत साठतं. बहुतेक करून ५ ते ३५ वयात कळतं. अक्षर बिघडतं, हात थरथरतात, अभ्यासात मागे पडतात, वागणं बदलतं, आणि घरचे म्हणतात वयाचा परिणाम. आईवडिलांचं लग्न नात्यात, म्हणजे आते-मामे भावंडांत वगैरे झालेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. टेस्ट म्हणजे सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पने बुबुळाच्या कडेची रिंग. रिंग दिसली नाही म्हणून विल्सन नाही असं होत नाही. एकाला निघाला की प्रत्येक सख्ख्या भावंडाची तपासणी करायची, चारात एक शक्यता असते. तांब्याच्या तांब्यातलं पाणी पिऊन हा आजार होत नाही, पण झालेल्याने ते पिऊ नये. वेळेत औषध सुरू केलं तर माणूस नोकरी-संसार सगळं करतो.

ऑटोइम्यून हिपॅटायटिस, मुलींमध्ये जास्त. त्याच्या रक्ताच्या टेस्ट एएनए, एएसएमए, आयजीजी. थायरॉइड किंवा दुसरा ऑटोइम्यून आजार आधी असेल तर लवकर करा, बऱ्याचदा बायोप्सी लागते. सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा ऑटोइम्यून आजार, उत्तर भारतात जास्त, पण जुनाट ॲनिमिया आणि सारखं पोट बिघडणं असेल तर टीटीजी ही रक्ताची टेस्ट करून घ्या, टेस्टच्या आधी पोळी बंद करायची नाही, नाहीतर खोटी निगेटिव्ह येते. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची टेस्ट) वाढलं म्हणून लोक लोह साठण्याच्या आजाराला घाबरतात, आपल्याकडे तो फार कमी, फॅटी लिव्हरमुळेच फेरिटिन वाढलेलं असतं बहुतेकदा, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या खाली असेल तर निवांत राहा.

पायरी ९: डॉक्टरकडे जाताना

आधी फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियन. ५ पटीच्या वर, सहा महिन्यांहून जास्त दिवस वर, बिलिरुबिन किंवा आयएनआर सोबत बिघडलेलं, प्लेटलेट्स कमी, किंवा हिपॅटायटिसची टेस्ट पॉझिटिव्ह, यातलं काही असेल तर गॅस्ट्रो किंवा हिपॅटॉलॉजिस्ट.

वही न्या, सगळे जुने रिपोर्ट तारखेने लावून न्या, पाच वर्षांपूर्वीचं एसजीपीटी ५८ सापडलं तर ते सोनं आहे. आणि घरातल्या सगळ्या बाटल्या, स्ट्रिप्स, डबे, पुड्या एका पिशवीत घालून न्या. नावं पाठ करून सांगायला गेलात की निम्मी विसरता.

पुन्हा टेस्ट कधी? किरकोळ-सौम्य वाढ असेल तर दोन ते चार आठवड्यांनी, फॅटी लिव्हर ठरलं असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. दर आठवड्याला करू नका, आकडा नुसता नाचतो आणि पैसे आमच्या लॅबला मिळतात. एलएफटीला, म्हणजे लिव्हरच्या या टेस्टला, उपाशी यायची गरज नसते, साखर आणि लिपिड सोबत असतील तर मात्र लागते.

भाच्याचं चार महिन्यांनंतरचं असं आहे: वजन साडेचौऱ्याहत्तर, कंबर ९१, एसजीओटी २६, एसजीपीटी ३८. बाण नाही. ताई पेढे वाटायला निघाली होती, मी म्हटलं ३३ च्या खाली येऊ दे आधी, आणि पेढे तर नकोच. हिपॅटायटिस बी चे दोन डोस झालेत, तिसरा राहिलाय. पुढचं सॅम्पल सहा महिन्यांनी, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात लेग डे नाही, हे त्याने मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवलंय.